दुतोंडी कपाटाचा मधला खण

आमच्या घरात दार वाजवायची पद्धतच नव्हती. दार ही वस्तू उघडण्यासाठी असते, असं सगळ्यांचं प्रामाणिक मत होतं. आई धुतलेले कपडे घेऊन यायची ती थेट माझ्या पलंगापर्यंत. बाबा चार्जर शोधत यायचे आणि न विचारता माझ्या उशीखाली हात घालायचे. आत्याला तर यायचीही गरज नव्हती, कारण ती आधीच तिथे असायची. माझी खोली म्हणजे आत्याचीही खोली.

आत्या बाबांची मोठी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. मला ती आवडते हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही मला दुष्ट समजाल. पण ती घोरते, रेडिओ लावते, आणि मी वहीत काही लिहायला लागले की खांद्यावरून वाकून मोठ्यांदा वाचते. तेही तिच्या जुन्या नोकरीच्या आवाजात, ‘कृपया थोडा वेळ थांबा’ वाल्या.

गेल्या वर्षीपर्यंत मी हे सगळं गपगुमान सोसलं असतं. तेव्हा मी वर्गात हजेरी द्यायचे तीसुद्धा फक्त बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पण यंदा बाईंनी मला बळेच वादविवाद स्पर्धेत उभं केलं, माझे पाय लटपटले, तोंड मात्र लटपटलं नाही, आणि मी कप घेऊन घरी आले. तेव्हापासून माझ्यात जे काही सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. जेवताना एकदा मी चक्क उभी राहिले.

“मला माझी जागा हवी,” मी म्हणाले.

“बस, मग मिळेल,” बाबा म्हणाले.

“जेवायची नाही. राहायची. जिथे यायच्या आधी दार वाजवावं लागेल अशी.”

आत्याने चष्म्यावरून बघितलं. “भिंगरी, मी काय गच्चीवर झोपू?”

माझ्याकडे योजना तयार होती. आमची खोली बुटाच्या खोक्यासारखी लांबट आहे, दोन टोकांना दोन खिडक्या. घरात सामान उतू चाललेलं, म्हणून एक मोठं कपाट घ्यायचं हे ठरलेलंच होतं. ते भिंतीला न लावता खोलीच्या मधोमध उभं करायचं. एका बाजूला आत्या, एका बाजूला मी. कपाट म्हणजेच भिंत.

“आणि कपाटाची पाठ कुणाकडे?” आत्याने विचारलं. “मी पाठ बघत झोपणार नाही. मला कुणी शिक्षा केलीय?”

बाबा इमारतींच्या कामावर देखरेख करतात. त्यांना अट घालता आली की बरं वाटतं. त्यांनी ताटात बोटाने रेघ ओढली. “असं कपाट शोध जे मधोमध बसेल, दोन्हीकडून उघडेल आणि आम्हा तिघांना पसंत पडेल. मिळालं तर अर्धी खोली तुझी. नाही मिळालं तर भिंतीला लावायचं साधं कपाट येईल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही.”

तिघांना पसंत! बाबांना आधुनिक कपाट हवं होतं, सरळ, हलकं, फडकं मारलं की चकाचक. आईला विंटेज, तिच्या लहानपणी मैत्रिणीच्या घरी होतं तसं, सरकत्या काचांचं. आणि आत्याला अँटिक. “माझ्यापेक्षा म्हातारं काहीतरी आणा रे,” ती म्हणाली. “या घरात मीच सगळ्यात जुनी. कंटाळा आलाय.”

आम्ही आधी शोरूममध्ये गेलो. आत थंडगार, नव्या प्लायचा आणि गोंदाचा वास, आणि टाय लावलेला एक विक्रेता. त्याने कपाटाचं दार ढकललं आणि हात मागे घेतला. दार स्वतःहून, अजिबात आवाज न करता मिटलं. “सॉफ्ट क्लोज, सर,” तो कुजबुजला. बाबांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव आला. मी वाचनालयातून फर्निचरवरची दोन पुस्तकं आणून घोकली होती, म्हणून मी सरळ मागे गेले. कपाटाची पाठ पुठ्ठ्याएवढी पातळ, स्टेपलरच्या पिनांनी ठोकलेली. मी खांद्याने जरा रेटलं तर अख्खं कपाट होडीसारखं डुललं.

“दोन घ्या ना, पाठीला पाठ लावून,” विक्रेता म्हणाला.

बाबांनी टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. दोन कपाटं लावली तर माझा पलंग खिडकीबाहेर गेला असता. त्यांनी टेप सोडली तेव्हा ती खट्टकन आत गेली, आणि तेही हिरमुसले.

विंटेजचं दुकान एका जुन्या गॅरेजमध्ये होतं. मालकाची वेणी माझ्यापेक्षा लांब. प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तो एकच वाक्य म्हणायचा, “ह्याला कॅरेक्टर आहे.” आई एका मधाळ रंगाच्या कपाटासमोर विरघळली. तिरके बारीक पाय, सरकत्या काचा, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. कपाट देखणं होतं, नाही म्हणत नाही. पण ते जेमतेम माझ्या कमरेपर्यंत येत होतं. आत्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

“भिंगरी, मला तू अख्खी दिसतेस,” ती म्हणाली. “तुझी वहीपण दिसेल.”

राहिलं अँटिक. ते गोदाम लाकडाच्या वखारीमागे होतं. उंच पत्र्याचं छप्पर, वरून येणारा उजेड, आणि रांगेत उभी कपाटं, हात मागे बांधून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. गोदामाची मालकीण आखूड केसांची, गळ्यात दोरीने लटकवलेला चष्मा, हातात कॉफीचा मग. ती काही विकायच्या घाईत दिसत नव्हती. मी ड्रॉवर ओढून सांधे बघत होते, खाली वाकून वाळवीची भुकटी पडलीय का बघत होते, आणि ती मला बघत होती.

“काय शोधतेस?”

“दोन तोंडांचं कपाट.”

तिने मग खाली ठेवला आणि काही न बोलता चालायला लागली.

ते अगदी शेवटी होतं. काळपट सागवान, बाबांच्या डोक्याहून उंच, पण खोली कमी, जेमतेम माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर थोडं. दोन्ही बाजूंना सारखीच दारं. वर दोन खण, खाली दोन खण, आणि त्यांच्या मधोमध एक उभी फळी, म्हणजे अर्धा खण इकडे, अर्धा तिकडे. फक्त बरोब्बर मधला खण आरपार होता. त्याला दोन्हीकडे स्वतःचं छोटं दार आणि पितळेची मूठ. मूठ झिजून चिंचोक्यासारखी गुळगुळीत झालेली.

“दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवलेलं होतं,” मालकीण म्हणाली. “इकडच्यांनी ठेवायचं, तिकडच्यांनी घ्यायचं.”

“कुठे?” आईने विचारलं.

“भिंत गेली. कपाट राहिलं.”

तिने वरची-खालची दारं भराभर उघडून दाखवली. मधल्या दाराशी मात्र थांबली. बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, जरा वेळ गप्प राहिली, आणि मग उघडलं. मला वाटलं लाकूड पोकळ नाही हे दाखवतेय. मीही शहाणपणाने बाकीच्या दारांवर टकटक करून पाहिलं. भरीव आवाज आला. पसंत!

“एका वेळी मधलं एकच दार उघडतं,” ती म्हणाली. बाबा पलीकडे गेले, त्यांनी मूठ ओढली. ढिम्म. तिने इकडचं मिटलं, तर तिकडचं लोण्यासारखं उघडलं. बाबांचे डोळे चमकले. “आत दांडी असणार! इंटरलॉक! त्या काळात!”

“आणि एक. हा खण रिकामा ठेवायचा.”

“रिकामा?” आईने हा शब्द असा उच्चारला की जणू कुणी शिवी दिली. “का?”

“जुनं लाकूड आहे. मोकळीक लागते.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “लाकूड फुगतं, आकसतं.”

आईने “हो हो” म्हटलं, दाताच्या डॉक्टरला म्हणते तसं. आता तुम्हाला आईबद्दल सांगायला हवं. आईला रिकामी जागा बघवत नाही. आमच्या ओव्हनमध्ये कढया असतात. मोठ्या बॅगेत छोटी बॅग, छोट्या बॅगेत पिशव्या, पिशव्यांत पिशव्या. एकदा बाबांनी नवे बूट आणले, तर संध्याकाळपर्यंत त्यांत मोजे आणि मोज्यांत सुट्या किल्ल्या. मालकीण हे ओळखून असावी. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू लक्ष ठेव,” ती म्हणाली.

मग मी तिथल्या तिथे, एका फुटक्या स्टुलावर उभी राहून, आयुष्यातला दुसरा वादविवाद जिंकला. बाबांना खोलीचं माप पटवलं आणि इंटरलॉक पुन्हा दाखवला. आईला पितळ आणि पॉलिश दाखवलं. आत्याला काही पटवावंच लागलं नाही. ती कपाटाला टेकून म्हणाली, “चला, आजवर सगळे मलाच ताई म्हणायचे, आता मी जिला ताई म्हणेन ती आली.”

कपाट घरी आलं. चार हमाल, एक टेम्पो आणि आत्याच्या अखंड सूचना. ते मधोमध उभं राहिलं, बाजूच्या फटीत पडदा लागला, आणि खोलीचे दोन भाग झाले. माझ्या भागात खिडकी, पलंग, टेबल, कप आणि मी! मी पलंगावर उताणी पडून छताकडे पाहिलं. तेच छत. पण आता माझं. कपाटाच्या कडेला मी कागद चिकटवला : ‘आधी इथे टकटक करावी.’

आई पडदा सरकवून आत आली. “कुठे टकटक?” तिने विचारलं आणि कपडे पलंगावर टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्याच्या बाजूला, मधल्या दारासमोर जमिनीवर चादरींची आणि प्लॅस्टिकच्या डब्यांची चळत होती.

“हे काय आत्या?”

“मला काय माहीत! मी रेडिओ ऐकता ऐकता डुलकी काढली. उठले तर हे.”

आई आली. तिने सकाळी हे सगळं मधल्या खणात भरलं होतं, हे तिनेच सांगितलं, अगदी निर्ढावलेपणाने. मग ती खाली बसली आणि डबे बघत राहिली. प्रत्येक डब्यावर त्याचंच झाकण होतं. आमच्या घरात डब्यांची आणि झाकणांची ताटातूट मी जन्मायच्या आधी झालेली. आई कित्येक वर्षं झाकण म्हणून ताटल्या ठेवत होती.

“कुणी लावली गं ही?” तिचा आवाज भरून आला होता.

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी आत्याकडे. आईने दोघींना आशीर्वाद दिला आणि सगळं परत खणात भरलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या बाजूला निघालं. या वेळी मी चादरी नीट पाहिल्या. आई चादरीची घडी घालते म्हणजे तिची समजूत घालते, कशीबशी. ह्या घड्या वेगळ्या होत्या. लांबीला तीनदा दुमडलेल्या, मग आडव्या, कडा सुरीने कापल्यासारख्या. एकावर एक इतक्या बरोबर की चळत म्हणजे एकच जाड चौकोनी वस्तू वाटत होती. आमच्या घरात अशी घडी कुणाला घालता येत नाही. मला येत नाही हे मी शपथेवर सांगू शकत होते, आणि आत्याला तर रुमालाचीही येत नाही.

मी मुद्द्याने चालणारी मुलगी. दोन्ही दारं एका वेळी उघडत नाहीत, म्हणजे आत दांडी आहे. दांडीने काहीतरी बाहेर ढकललं जातं. मी माझ्या बाजूचं मधलं दार उघडलं आणि दांडी चाचपायला हात आत घातला.

कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत गेला.

माझ्या बोटांना पलीकडचं दार लागलं नाही.

मी मघाशी सांगितलं, कपाट माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर थोडं, एवढंच खोल आहे. मी ते स्वतः मोजलं होतं. आत हवा गार होती, पण कपाटातली कोंदट गार नाही, शेजारच्या खोलीची खिडकी उघडी असल्यासारखी. साबणाचा वास होता. इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास होता.

मी हात सावकाश बाहेर काढला, दार लावलं, आणि आत्याच्या बाजूला जाऊन बराच वेळ तिच्यासोबत रेडिओ ऐकला. तिने विचारलं, “आज काय एवढं प्रेम?” मी म्हटलं, “असंच.”

आई हार मानणारी नाही. तिसऱ्यांदा तिने थंडीच्या गोधड्या कोंबल्या, गुडघ्याने रेटून दार लावलं आणि दोन्हीकडून चिकटपट्टी मारली. संध्याकाळी गोधड्या बाहेर होत्या, चौकोनी. सगळ्यांत वर चिकटपट्टी होती. ती कुणीतरी पुन्हा गोल गुंडाळून ठेवली होती, दुकानातून आणल्यासारखी, टोक आत दुमडून.

आई ते बघून हसली नाही. तिने गोधड्या उचलल्याही नाहीत.

“हे मला घरात नको,” ती बाबांना म्हणाली.

“उंदीर असेल,” बाबा म्हणाले.

“उंदीर गोधड्यांच्या घड्या घालतो?”

बाबांनी पाणसळ आणून कपाटावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. ते बराच वेळ बुडबुड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “रविवारी सुतार येईल. तो दांडी काढेल, खण दोन्हीकडून खिळे मारून बंद करेल. नाही जमलं तर कपाट परत जाईल आणि शोरूमचं येईल. भिंतीला.”

भिंतीला म्हणजे मधोमध नाही. म्हणजे माझी खिडकी, माझं टेबल, माझं छत, सगळं पुन्हा आम्हा दोघींचं. मी तोंड उघडलं, पण माझ्याकडे एकच मुद्दा होता, खांद्यापर्यंत आत गेलेल्या हाताचा, आणि तो सांगितला असता तर कपाट आजच गेलं असतं.

रविवारी सकाळी सुतारकाका आले. गडगडाटी हसणारे, कानावर पेन्सिल, आणि बोटांवर वाळलेल्या डिंकाचे पांढरे पापुद्रे, हातमोजे घातल्यासारखे. आत्याच्या बाजूला सगळे जमले. आत्या पलंगावर, बाबा टॉर्च घेऊन, आई दाराशी, मी काकांच्या मागे.

“पूर्वीचे लोक काय एकेक करून ठेवायचे!” काका म्हणाले. त्यांनी खिळ्यांची डबी खाली ठेवली, मूठ ओढली, आणि हात आत घातला.

टकटक केलं नाही. हे माझ्या लक्षात आलं. का लक्षात आलं ते तेव्हा कळलं नाही.

“दांडीबिंडी काही नाही हो इथे.”

“नीट बघा, असणारच,” बाबा म्हणाले.

काका खांद्यापर्यंत आत गेले, गाल लाकडाला टेकला. मग ते हसायला लागले.

“ए पोरी, सोड.”

आईने माझ्याकडे पाहिलं.

“सोड गं. गंमत नंतर कर, मला काम करू दे. पलीकडून हात धरलाय हिने माझा,” त्यांनी बाबांना सांगितलं. “पकड चांगली आहे हो पोरीची.”

“काका,” मी म्हणाले, “मी इथे आहे.”

त्यांनी मान वळवून मला पाहिलं. मग आईला, आत्याला, बाबांना. हसू चेहऱ्यावरच राहिलं, काढायचं विसरून गेल्यासारखं.

रेडिओ चालू होता. आत्याने तो बंद केला.

मी पडदा सरकवून माझ्या बाजूला पळाले.

माझ्या बाजूचं मधलं दार बंद होतं. त्याच्यापलीकडून काकांचा श्वास ऐकू येत होता, जवळ, आणि तरी खूप लांबून.

मला एकदम माझी उशी आठवली. उशीखाली न विचारता शिरणारे हात. खांद्यावरून वहीत शिरणारे डोळे. पडदा सरकवून पलंगावर पडणारे कपड्यांचे ढीग. आणि मालकीणबाईचं बोट आठवलं.

मी पेराने दोनदा टकटक केलं.

आणि थांबले. तेच सगळ्यांत अवघड होतं.

मग मी बोलले. स्पर्धेतल्या आवाजात नाही, साध्या.

“आम्ही न विचारता आलो. चूक आमची. हा खण तुमचा आहे. इथे कुणी काही ठेवणार नाही, आणि वाजवल्याशिवाय उघडणार नाही. माझा शब्द. त्यांना सोडा.”

काही झालं नाही.

“मलाही आवडत नाही,” मी हळूच म्हणाले. “कुणी असं आलेलं.”

पलीकडे धपकन आवाज झाला. काका मागे बसले होते.

मी धावत गेले. ते जमिनीवर बसून स्वतःचा हात बघत होते. डाव्या हातावर डिंकाचे पापुद्रे तसेच होते. उजवा हात मात्र मनगटापर्यंत स्वच्छ होता. नखंसुद्धा. लग्नाला निघाल्यासारखा.

“कपाटात काही बिघाड नाही,” काका म्हणाले आणि डबी उचलली. “राहू द्या आहे तसं.” आई चहा म्हणाली, तोवर ते जिन्यात होते.

आम्ही चौघं कपाटाकडे बघत उभे राहिलो. बाबांच्या हातातला टॉर्च उगाच चालू होता. ते आता काय म्हणणार हे मला दिसत होतं, ‘परत’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता. मी स्टूल शोधलं नाही. तशीच बोलले.

“कपाट इथेच राहील. त्याने काही मोडलं नाही, काही चोरलं नाही. उलट आईची झाकणं लावून दिली. त्याचं म्हणणं एवढंच आहे की खण रिकामा ठेवा आणि विचारून या. त्यात चूक काय आहे? माझंही म्हणणं तेच आहे. मी कधीपासून तेच सांगतेय. माझं कुणी ऐकलं नाही कारण मी कुणाचा हात धरून ठेवला नाही.”

बाबांनी टॉर्च बंद केला.

“बरोबर आहे,” बाबा शेवटी म्हणाले, घसा साफ करत. “लाकडाला मोकळीक लागतेच.”

“मग ह्या गोधड्या मी कुठे ठेवू?” आईने विचारलं. तिला खरंच तेवढाच प्रश्न उरला होता.

“छोट्याच्या गाडीच्या डिकीत ठेव,” आत्या म्हणाली. छोट्या म्हणजे बाबा. “तिथे मोकळीक फार आहे.”

आधी आत्याच हसली, मग सगळे. खूप हसलो, गरजेपेक्षा जास्त.

आणि मी जिंकले! त्या दिवसापासून आमच्या घरात टकटक सुरू झाली. आई कपडे घेऊन येते आणि कपाटाच्या कडेवर वाजवते, दोनदा, मग थांबते. बाबा चार्जर बाहेरून मागतात. आत्या पलीकडून म्हणते, “कृपया थोडा वेळ थांबू, की येऊ?” बाबांना तर इतकी सवय लागली की मी त्यांना एकदा फ्रिजवर टकटक करताना पकडलं. गोधड्या डिकीत आहेत. मधला खण रिकामा आहे. मी रोज सकाळी दार वाजवून तो फडक्याने पुसते, पण कधी धूळ सापडत नाही.

पुढे परीक्षा आली. दुपारी माझ्या टेबलावर, माझ्या खिडकीशी, अख्ख्या शांततेत मी अभ्यास करायचे. अशाच एका दुपारी मधल्या दारावर टकटक झाली.

आतून. दोनदा, मग थांबून.

माझं पेन थांबलं. घाबरले का? घाबरले. पण खरं सांगू, त्याहून जास्त मला अभिमान वाटला. पद्धत अगदी बरोबर होती.

“आत्ता नको,” मी म्हणाले. “परीक्षा आहे. संपली की.”

पुन्हा आवाज आला नाही. सांगितलेलं पहिल्या झटक्यात ऐकणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही.

आज शेवटचा पेपर झाला. झकास गेला. मी जिने तीन-तीन पायऱ्या गाळत चढले, दप्तर पलंगावर भिरकावलं आणि हात वर करून गिरकी घेतली. आई-बाबा कामावर, आत्या भाजी आणायला गेलेली. ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं.

मधलं दार उघडं होतं.

मी वाकून पाहिलं. खणातून आत्याचा पलंग दिसत होता, तिची उशी, उशीवर चष्म्याचं घर. पलीकडचं दारही उघडं होतं. दोन्ही दारं, एका वेळी.

मी हात घातला. कोपर आत गेलं तोच बोटं पलीकडे उन्हात निघाली. साधं कपाट. मी मोजलं होतं तेवढंच खोल.

खण पहिल्यांदाच खरोखर रिकामा होता.

मग माझ्या पाठीमागे, माझ्या टेबलाच्या लाकडावर, कुणीतरी टकटक केलं. दोनदा.

आणि थांबलं.